परसातलं पंचांग



ज्या बाईंच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिली आहे, त्या शाळेत विज्ञान शिकवत. कुंपणालगतच्या पट्ट्यात त्या मुलांकडून मेथी, मुळा, वाल लावून घेत आणि फळ्यावर शिकवलेलं तिथे पडताळून पाहायला लावत. त्यांच्या नावाने बोलायचं तर परसबागेवर बोलावं, असं मला वाटलं. वेळही नेमकी आहे. मेचा शेवटचा आठवडा, रोहिणी लागलेली, आणि थोड्याच दिवसांत मृग निघेल. आज इथे जे ठरवाल ते लगेच मातीत घालता येईल.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. गॅलरीतल्या दहा कुंड्यांवर चार माणसांच्या घराची सगळी भाजी भागेल, असा दावा मी करणार नाही. परसबागेचं मोठं देणं निराळं आहे. बाजारात बाराही महिने टोमॅटो, फ्लॉवर, कोथिंबीर मिळते. ही सोय खरी, पण तिच्यामुळे कोणत्या महिन्यात काय उगवतं ही जाण घराघरांतून निघून चालली आहे. ज्याला ऋतू कळत नाही त्याला शेतकऱ्याची अडचणही कळत नाही. भर पावसात कोथिंबिरीची जुडी महागली की तो व्यापाऱ्याला बोल लावतो. सततच्या पावसाने वाफेच्या वाफे सडले, हे त्याच्या लक्षात येत नाही. ऋतूची ही जाण घरात परत आणण्याचं सर्वांत सोपं साधन म्हणजे परसबाग. त्यासाठी तीन कामं करावी लागतात: ऋतू पाहून लावणं, बी धरणं आणि नोंद ठेवणं. या तिन्हींविषयी मी आज बोलणार आहे.

ही जाण आपल्या सणांच्या ताटात अजून शाबूत आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, ऋषीची भाजी होते. तिचा नियम ठाऊक आहे: त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य बाजूला ठेवायचं आणि हाताने खणून, हाताने लावून जे आलं तेवढंच शिजवायचं. अळू, माठाचे देठ, भेंडी, पडवळ, दोडका, काकडी, लाल भोपळा, मक्याची कणसं. सोबत गेल्या वर्षीचा राखून ठेवलेला सुरण. सुरण सोडला तर ही सगळी यादी जूनमध्ये परसात लावलेल्या आणि भाद्रपदात हाताशी आलेल्या भाज्यांची आहे. ऋषिपंचमी हा परसबागेचा सण आहे, असं मी मानते.

या यादीत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मका आणि लाल भोपळा ही मूळची अमेरिका खंडातली पिकं. मिरचीही तिकडचीच. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या आणि इतरांच्या गलबतांतून ती या किनाऱ्यावर उतरली. पाहुणी म्हणून आलेली ही पिकं पुढे आपल्या सर्वांत सोवळ्या मानलेल्या भाजीत जाऊन बसली. व्रताने विचारलं ते एवढंच, की हे कसं पिकवलं आणि आता पिकतं का. परसबागेचा स्वभाव असा आहे. ती जन्मगाव विचारत नाही, हंगाम विचारते.

आता पौषातलं ताट पाहा. भोगीच्या भाजीत पावटा येतो, वांगी येतात, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, बोरं आणि तिळाचं कूट येतं. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ऋषिपंचमी आणि भोगी यांत चार-साडेचार महिन्यांचं अंतर, पण दोन्ही भाज्यांत समान असं जवळजवळ काहीच नाही. एक खरिपाची, दुसरी रब्बीची. या दोहोंच्या मध्ये नवरात्रातला घट. शेतातली माती आणून तिच्यात धान्य पेरायचं आणि नऊ दिवस त्याची उगवण पाहायची. रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर घरातलं बियाणं किती जोमदार आहे, हे त्यातून डोळ्यांना दिसतं. ज्यांनी हे सण घडवले त्यांना पंचांग भिंतीवर टांगावं लागत नव्हतं, ते त्यांच्या परसात उगवत होतं.

ऋतू झाडाला कळतो कसा? तीन गोष्टींवरून: ऊन, दिवसाची लांबी आणि तापमान. आधी उन्हाचं पाहू, कारण शहरातली बहुतेक बाग तिथेच फसते. महाराष्ट्र सगळाच्या सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. मुंबई-पुण्याला मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी, नागपूरला मेच्या शेवटी आणि जुलैच्या मध्यात. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, एरवी वर्षभर दक्षिणेला. डिसेंबरात तर पुण्याला तो भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. याचा अर्थ असा, की दक्षिणेच्या गॅलरीत मे-जूनमध्ये ऊन फारसं आत शिरत नाही, पण हिवाळ्यात ते कठडा ओलांडून थेट घरात येतं. उत्तरेच्या गॅलरीला मे ते जुलैमध्ये सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मिळतं आणि हिवाळ्यात काहीच मिळत नाही.

म्हणून झाडं आणण्याआधी आपल्या जागेचं ऊन मोजा. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी आणि सगळ्या वेलभाज्या, म्हणजे ज्यांचं फळ आपण खातो, त्यांना किमान सहा तास ऊन हवं. मेथी, पालक, कोथिंबीर यांचं तीन-चार तासांवर भागतं. अळू, हळद, आलं आणि पुदिना अर्धवट सावलीतही वाढतात. दक्षिणेची गॅलरी असेल तर हिवाळ्यात टोमॅटो लावा. उत्तरेची असेल तर पावसाळ्यात अळू लावा आणि हिवाळ्यात कुंडी मोकळी ठेवा. मोकळी कुंडी म्हणजे कमीपणा नव्हे. शेतही विसावा घेतं.

दिवसाच्या लांबीचा हिशेब वालाइतका दुसरं कोणी चोख दाखवत नाही. वालाच्या जुन्या, वेलावर चढणाऱ्या जाती दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाहीत. जूनमध्ये लावा किंवा ऑगस्टमध्ये, फुलं येणार ती दिवाळीच्या आसपास. जूनमधल्या वेलाला नुसती पानं वाढताना पाहून अनेक जण कंटाळतात आणि तो उपटून टाकतात. त्या वेलाचं काही बिघडलेलं नसतं, तो दिवस लहान होण्याची वाट पाहत असतो. रायगड जिल्ह्यात थंडीत पोपटी लावतात, म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा आणि मीठ घालून पाण्याचा थेंब न टाकता भाजतात. तीही थंडीतच होते, कारण शेंगा आणि भांबुर्डी तेव्हाच तयार असतात. तो स्वाद जुलैत मिळणार नाही, कितीही पैसे मोजले तरी.

तिसरी गोष्ट तापमान. कोथिंबीर थंडीची. उन्हाचा तडाखा वाढला की ती पानं सोडून फुलोऱ्यावर जाते. टोमॅटोचं झाड उन्हाळ्यात हिरवंगार दिसलं तरी रात्री उष्ण राहिल्या की फुलं गळून जातात. खत वाढवून याला उतारा मिळत नाही. महिना बदलणं हाच उतारा.

आता वर्षाचा फेरा सांगते, आणि पावसाळ्यापासून सांगते, कारण आपलं शेतीचं वर्ष तिथून सुरू होतं. पहिली सर आली की लगेच बी टाकण्याची घाई करू नये. शेतकरी वाफशाची वाट पाहतो. मातीत ओल आहे पण चिखल नाही, हाताला माती चिकटत नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि टिचकी मारली की फुटतो, तो वाफसा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कुंडीलाही हाच नियम आहे. बोटाचं एक पेर मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नका. घरच्या बागेतली झाडं पाण्यावाचून जेवढी मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात.

मृग-आर्द्रेत दोडका, घोसाळं, कारलं, पडवळ, काकडी, लाल भोपळा लावा. भेंडी, गवार, अंबाडी, माठ लावा. अळूचे कंद आणि हळद-आल्याचे डोळे असलेले तुकडे मेअखेरीपासून जूनपर्यंत मातीत जायला हवेत. हळद तयार व्हायला आठ-नऊ महिने घेते, पण तिची पानं त्याआधीच कामी येतात. कोकणात आणि गोव्यात श्रावण-भाद्रपदात पातोळ्या होतात त्या याच कोवळ्या, रुंद पानांत. कंद फेब्रुवारीत काढायचा आणि पानं श्रावणात वापरायची, असं एकाच झाडाचं दुहेरी वेळापत्रक आहे.

वेलभाज्यांच्या बाबतीत एक तक्रार हमखास ऐकू येते: फुलं खूप येतात, फळ धरत नाही. या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. आधी नुसती नर फुलं येतात, मादी फुलं काही दिवसांनी. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतंच, त्यावरून ते ओळखावं. नराचे पराग मादीपर्यंत पोचवायला मधमाश्या आणि पतंग हवेत. आठव्या-दहाव्या मजल्यावर ते कमी येतात, तिथे हे काम आपण करायचं. नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला हलकेच टेकवायचा. मात्र त्यालाही वेळ आहे. दोडका, दुधी आणि पडवळ संध्याकाळी फुलतात. घोसाळं, काकडी आणि कारलं सकाळी. दोडका आणि घोसाळं इतकी जवळची नातेवाईक, पण एकाचं दार तिन्हीसांजेला उघडतं आणि दुसऱ्याचं पहाटे. दोडक्याला सकाळी नऊ वाजता पराग लावायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

हस्ताचा पाऊस ओसरला की बागेचा सर्वांत सुखाचा काळ येतो. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी यांची रोपं सप्टेंबरमध्ये छोट्या डब्यांत तयार करून ठेवलेली असावीत. चार-पाच आठवड्यांची झाली की ती मोठ्या कुंडीत हलवायची. मेथी, पालक, शेपू, मुळा, गाजर, बीट, कांदापात आणि मटार थेट पेरायचे. लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून खोचायच्या, महिन्याभरात ओली पात कापता येते. कोथिंबिरीसाठी धने तसेच टाकू नयेत. प्रत्येक धण्यात दोन बिया असतात, म्हणून ते आधी हलके रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे आणि मग पेरायचे. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, धीर सोडू नये. सगळे धने एकाच दिवशी न पेरता दर पंधरवड्याला एक पट्टा पेरला तर फेब्रुवारीपर्यंत घरची कोथिंबीर पुरते. शेवटचा पट्टा कापू नका. त्याला फुलू द्या. त्या पांढऱ्या फुलांवर सातेरी मधमाश्या येतात, मावा खाणारे ढालकिडे येतात, आणि शेवटी पुढच्या वर्षीचे धनेही मिळतात.

उन्हाळी हंगामाची पेरणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत करावी: काकडी, दुधी, भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा. एप्रिल-मे हा झाडं जगवण्याचा काळ. मातीवर वाळक्या पानांचं जाड आच्छादन घालावं, पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर द्यावं, पुदिना आणि गवती चहा सावलीला सरकवावा. रिकाम्या कुंड्यांतली माती पसरून उन्हात चांगली तापू द्यावी, बऱ्याच किडींची अंडी आणि बुरशी त्यात मरते. सध्या आपण याच टप्प्यावर आहोत.

पूर्वी हे सारं वाड्याच्या नाहीतर घराच्या मागच्या दारी होई. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ, आडाजवळ कर्दळ, कुंपणावर घेवडा. आज परस उरलं नाही, पण गच्ची आणि गॅलरी आहे, आणि तिथे काय करता येतं हे महाराष्ट्रातल्या माणसांनीच दाखवून दिलं आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे माणूस. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला आणि शेतकऱ्याला स्वतः प्रयोग करणारा, स्वतः नोंदी ठेवणारा संशोधक मानलं. पानावर पडणारं ऊन हेच खरं भांडवल आणि दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची गरज भागू शकते, हा त्यांचा विचार. ‘प्लेंटी फॉर ऑल’ या त्यांच्या पुस्तकातून तो देशाबाहेरही पोचला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाचं चिपाड, पालापाचोळा आणि थोडीशी माती यांवर भाज्या आणि फळं पिकवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहात प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा बाहेर टाकण्याऐवजी त्याच इमारतीच्या गच्चीवर जिरवला आणि तिथे बाग उभी केली.

दोशींनी चिपाड वापरलं यात शहाणपण होतं. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या वर जातं. एक फूट जाडीचा मातीचा थर गच्चीवर टाकला तर प्रत्येक चौरस मीटरवर साडेचारशे किलोंहून जास्त भार येतो. आपल्या राहत्या इमारतींच्या गच्च्या वापरासाठी साधारण दीडशे किलोंचा भार धरून बांधलेल्या असतात. म्हणून गच्चीवर मातीचे वाफे करू नका. वाळका पाला, चिपाड, नारळाच्या शेंड्यांचा भुसा आणि कंपोस्ट यांचं हलकं मिश्रण वापरा, मोठ्या कुंड्या तुळई-खांबांच्या जवळ ठेवा, आणि मोठी बाग करायची असेल तर आधी अभियंत्याला दाखवा. गळतीची भीती असते तीही रास्त आहे. कुंडी विटांवर उचलून ठेवली, खालून पाणी वाहतं राहिलं, तर ती टळते.

हे मिश्रण विकत आणण्याची गरज नाही. झाकणाचा ड्रम घ्यावा, बाजूंना भोकं पाडावीत, आणि भाज्यांच्या देठ-सालींच्या प्रत्येक थरावर वाळक्या पानांचा दुप्पट जाड थर द्यावा. वास येऊ लागला तर ओलं जास्त झालं असं समजावं आणि पानं घालावीत. कोरडं पडलं तर पाणी शिंपडावं. दोन-तीन महिन्यांत काळं, मातीचा वास असलेलं खत मिळतं. दाभोळकरांच्या परंपरेत अमृतजल करतात: दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ तीन दिवस ढवळत ठेवायचं आणि मग दहापट पाणी घालून द्यायचं. शेण मिळत नसेल तर नुसत्या कंपोस्टवरही बाग चालते. किडीसाठी पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावी. बाहेर जाळला जाणारा पाला आणि कचरागाडीत जाणाऱ्या साली यांतून घरची माती तयार होते, या गोष्टीचं मोल भाजीहून कमी नाही.

आता सुगंधी आणि औषधी झाडांकडे येते. ज्याला एकच कुंडी ठेवता येते त्याने इथूनच सुरुवात करावी. कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, तुळस आणि आलं एवढी पाच झाडं कुठल्याही मराठी घराला पुरतात. पुदिन्याला खोल नव्हे, पसरट कुंडी द्यावी. त्याची कांडी पाण्यात ठेवली तरी मुळं सुटतात. गवती चहाचं बेट दर वर्ष-दोन वर्षांनी पावसाळ्याच्या तोंडावर फोडून वाटावं. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडल्या तर पानं वाढतात, पण थोड्या मधमाश्यांसाठी राखाव्यात. सब्जा तुळशीच्याच कुळातला, त्याचं बी उन्हाळ्यात सरबतात घालता येतं.

इथे ओळखीची फार काळजी घ्यावी लागते. कुंडीत जाड, लवदार, मांसल पानांचं जे झाड आपण ओवा म्हणून लावतो, ते मसाल्याच्या ओव्याचं झाड नव्हे. मसाल्याचा ओवा हे बडीशेपेसारखं नाजूक पानांचं रब्बीचं पीक आहे. कुंडीतल्या पानओव्याची भजी छान होतात, पण त्याचे दाणे मिळणार नाहीत. ब्राह्मी या नावाने दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात: पाणथळीतली बारीक पानांची ब्राह्मी आणि गोल पानांची मंडूकपर्णी. गुळवेलीचंही तसंच, तिच्यासारख्या दिसणाऱ्या जवळच्या जाती आहेत. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख पटवण्याचा मुद्दा मांडला. वाद तज्ज्ञांचा आहे, आपण घ्यायचा धडा साधा आहे. चहातलं आलं, चटणीतला पुदिना, सर्दीला तुळशीचा काढा इथपर्यंत घरचं शहाणपण पुरतं. रोज, महिनोन् महिने औषध म्हणून काही घ्यायचं असेल तर वैद्याला किंवा डॉक्टरला विचारूनच घ्यावं.

घरच्या झाडांचं हे ज्ञान जगाने गांभीर्याने घेतलं ते याच किनाऱ्यावरून. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. मुंबईचं बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं आणि तिथे त्याची बाग होती. इथल्या औषधी द्रव्यांवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. पुढच्या शतकात कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला प्रसिद्ध झाला. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या तीन कोकणी वैद्यांनी त्याला माहिती पुरवली, आणि त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेलं आहे. त्यांची नावं आज आपल्याला ठाऊक आहेत, कारण ती लिहिली गेली. ज्या असंख्य घरांतून हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या चालत आलं त्यांची लिहिली गेली नाहीत.

लिहिण्याने काय फरक पडतो हे हळदीने दाखवलं. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून आणण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. जे आपल्या प्रत्येक आजीला ठाऊक, त्यावर मालकी. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. पण ते ‘आम्हाला माहीतच होतं’ एवढ्या सांगण्यावर रद्द झालं नाही. जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले लिखित पुरावे सादर करावे लागले. म्हणून नोंदीचा आग्रह मी धरते. एक वही ठेवा. काय लावलं, कधी लावलं, कधी उगवलं, पहिलं फूल कोणत्या तारखेला, पाऊस कधी आला, कीड कोणती पडली. पाऊस आणि थंडी यांच्या तारखा सरकत असताना घरोघरच्या अशा वह्या उद्याच्या अभ्यासकाला मोलाच्या ठरतील. आणि आजीला, आईला ठाऊक असलेलं तिच्या नावाने त्या वहीत उतरवा.

शेवटचं काम बियाण्याचं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे हे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी आपल्या परसात आणि शेतात वालाचे, भाताचे, भाज्यांचे गावरान वाण जपले, बायफ संस्थेच्या साथीने बियाणं बँक उभी केली आणि इतर बायकांना ते बी दिलं. महाराष्ट्र त्यांना बीजमाता म्हणतो. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं काम मोठं आहे, पण त्याची पहिली पायरी आपल्या कुठल्याही घरात चढता येण्यासारखी आहे.

वाल, घेवडा, टोमॅटो यांच्या फुलांत परागीकरण बहुधा आतल्या आतच होतं, त्यामुळे त्यांचं बी आईसारखंच निपजतं. सुरुवात त्यांच्यापासून करावी. दोडका, काकडी, भोपळा, मुळा यांचा पराग शेजारच्या झाडाशी मिसळतो, तिथे एका वेळी एकच जात लावावी. पाकिटातल्या संकरित बियाण्यापासून धरलेलं बी मूळ झाडासारखं येत नाही, म्हणून गावरान बीच घ्यावं. सर्वांत निरोगी झाडावरचं, जोमदार फळ बियांसाठी राखावं, उरलंसुरलं नव्हे. ते झाडावरच पूर्ण पिकू द्यावं, बी धुऊन सावलीत खडखडीत वाळवावं, थोडी राख चोळून कोरड्या बरणीत ठेवावं. शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, दुसऱ्याला देण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे. वापरला नाही तर तो हक्क कागदावरच राहतो.

या सगळ्या कामाला माणूस लागतो, आणि तो माणूस बहुतेक घरांत आईच असते, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. भाजी आणणं, निवडणं, शिजवणं तिच्याकडे, त्यात बागेची भर घालून तिचं कौतुक करणं अन्यायाचं आहे. कंपोस्टचा ड्रम बाबांनी हलवावा, वही मुलांनी लिहावी, फुलांना पराग आजोबांनी लावावा. परदेशी गेलेली आपली मुलंही हे करू पाहतात. तिकडे मेथी मे महिन्यात पेरावी लागते आणि कढीपत्त्याची कुंडी बर्फ पडायच्या आत घरात घ्यावी लागते. ऋतू बदलला तरी ऋतूप्रमाणे चालण्याची रीत तीच राहते.

तेव्हा या मृगाला एवढंच करा. एक वेल, एक पालेभाजी आणि एक सुगंधी झाड, अशी तीनच लावा. वहीचं पहिलं पान त्याच दिवशी लिहा. वेलाचं एक चांगलं फळ बियांसाठी राखून ठेवा. जानेवारीपर्यंत ते बी वाळून तयार असेल. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या आणि वाट्या लुटण्याऐवजी त्या बियांच्या पुड्या वाण म्हणून द्या. आणि प्रत्येक पुडीवर वाणाचं नाव, लावल्याची तारीख आणि गाव न विसरता लिहा.